सहा दारं आणि चौदा मिलिमीटर

माणसाने बिल्डिंगच्या मीटिंगला जावं, कोपऱ्यातली खुर्ची पकडावी आणि तोंड फक्त बिस्किटासाठी उघडावं. मशीनवाल्यांनी बावीस वर्षं हा नियम पाळला होता. त्या रविवारी कुठून बुद्धी झाली देव जाणे. अध्यक्षांनी "सहाही दारांवर एकसारख्या पितळी पाट्या हव्यात, पण करून कोण देणार?" असं विचारलं, आणि मशीनवाले बोलून गेले, "त्यात काय, आमच्याकडे होतील."

झालं! 'त्यात काय' म्हणून माणूस मोकळा होतो आणि पुढचे पंधरा दिवस त्यात काय काय आहे ते मोजत बसतो. अध्यक्षांनी लगेच वहीत ठराव लिहिला. सूचक अध्यक्ष, अनुमोदक दाताचे डॉक्टर, जबाबदारी मशीनवाले. बिस्किटाची बशी तोवर रिकामी झाली होती, म्हणजे त्या दिवशी तोंड उघडण्याचा तोही फायदा झाला नाही.

मशीनवाले हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनींना धातू कसा कापायचा ते सांगणारे प्रोग्राम ते करत. कामाची जागा मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत नेमकी सांगणारा माणूस! पण बिल्डिंगला एवढंच ठाऊक, की हे कुठल्याशा मशीनवर असतात. समोरच्या दाताच्या डॉक्टरांकडेही मशीन होतं, तेही भोकंच पाडायचं. पण त्यांना कुणी मशीनवाले म्हणत नसे. मशीनवाल्यांना हे लागायचं. बोलायचे नाहीत, पण लागायचं.

खरं सांगायचं तर ते बिल्डिंगसाठी बोललेच नव्हते. ते आप्पांसाठी बोलले होते. आप्पा म्हणजे त्यांचे वडील, वय वर्षं ऐंशी. मोजणी खात्यात अडतीस वर्षं साखळी घेऊन लोकांच्या जमिनी मोजलेले, हद्दीचे दगड रोवलेले. पेन्सिलीने काढलेले त्यांचे नकाशे अजून खात्यात जपून ठेवलेत म्हणतात. आप्पांची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे 'बरोबर आहे'. ती त्यांनी आयुष्यभर नकाशांना दिली, कधीमधी दगडांना दिली, मुलाला एकदाही दिली नाही. कुणी विचारलं की मुलगा काय करतो, तर आप्पा म्हणत, "कारखान्यात असतो," आणि पंख्याकडे बघत. दारावरची त्यांच्या नावाची लाकडी पाटी आता इतकी झिजली होती, की कुरिअरवाला ती हाताने चाचपून वाचायचा. मशीनवाल्यांच्या मनात एकच होतं. आपल्या हाताने, आपल्या मशीनवर आप्पांचं नाव पितळेत कोरायचं, दारावर लावायचं, आणि आप्पांनी चष्मा सावरून एकदा, फक्त एकदा म्हणायचं, बरोबर आहे.

मग सल्ले सुरू झाले. अध्यक्ष म्हणाले, "नाव कसं जिन्यातून वाचता आलं पाहिजे, अक्षरं चांगली दणदणीत काढा." शिकवणीच्या बाई म्हणाल्या, "दणदणीत चालेल, पण समान हवं. कुणाचं नाव लांब नि कुणाचं आखूड, असं नको दिसायला. मुलांवर परिणाम होतो." बाईंच्या शिकवणीला येणाऱ्या मुलांवर आजवर कशाचाच परिणाम झालेला कुणी पाहिला नव्हता, पण ठराव झाला. सहाही नावं एकाच लांबीची. ज्यांचं नाव छोटं ते ताणायचं, ज्यांचं मोठं ते दाबायचं. वीस सेंटीमीटरच्या पाटीवर दोन्ही कडांना जेमतेम सहा सहा मिलिमीटर जागा उरली. "सहा म्हणजे फार कमी होतात हो," मशीनवाले चाचरत म्हणाले. दाताचे डॉक्टर हसून म्हणाले, "अहो, आम्ही तोंडात अर्ध्या मिलिमीटरवर काम करतो!" मशीनवाल्यांनी वहीत सहा लिहून घेतले.

कारखान्यात साहेबांनी परवानगी दिली, म्हणजे अर्जावर "हरकत नाही" लिहिलं आणि खाली तीन हरकती लिहिल्या. जेवणाच्या सुट्टीतच काम करायचं. मोठ्या मशीनवरच करायचं, कारण बाकीची चालू असतात. आणि सुट्टी संपायच्या आत टेबल पूर्वीसारखं करून द्यायचं. सुट्टी एका तासाची. एका पाटीला चार मिनिटं धरली, तरी पाटी काढ, दुसरी लाव, पुन्हा जुळव, यातच सुट्टी संपणार. म्हणजे सहाही पाट्या एकदम टेबलावर मांडायच्या आणि मशीनला सांगायचं, बाई गं, एका दमात सगळं कर.

आता इथे थोडं शून्याबद्दल सांगावं लागेल. मशीनच्या अंगात ताकद पुष्कळ, पण पाटी कुठे ठेवली आहे ते तिला कळत नाही. आपण पाटीचा डावा कोपरा शोधायचा, तो मशीनच्या स्वतःच्या कोपऱ्यापासून किती लांब आहे ते वाचायचं, आणि तो आकडा पडद्यावर भरायचा. त्याचा अर्थ, इथून सुरुवात धर. हे झालं त्या पाटीचं शून्य. कारखान्यात त्याला ऑफसेट म्हणतात. पडद्यावर अशा सहा ओळी असतात, चोपन्न नंबरपासून एकोणसाठपर्यंत. चोपन्नच का, एक का नाही, हे विचारायचं नसतं. मशीनवाल्यांनी बावीस वर्षं फक्त चोपन्नवर संसार केला होता. एक जॉब, एक शून्य. बाकीच्या पाच ओळींकडे त्यांनी कधी वाकड्या नजरेने पाहिलं नव्हतं. पण सहा ओळी आणि सहा बिऱ्हाडं! हा योग बघून ते स्वतःवरच खूश झाले. प्रत्येक दाराला स्वतःचं शून्य द्यायचं.

या सहा ओळींच्या वर, पानाच्या अगदी माथ्याला, आणखी एक ओळ असते. तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. मशीनवाल्यांनीही बघितलं नाही, आणि आपण तरी आत्ताच कशाला बघायचं.

मंगळवारी चाचणी झाली. आदल्या दोन संध्याकाळी त्यांनी सॉफ्टवेअरशी झटापट केली होती. तिथे प्रत्येक नावापुढे एक चौकट होती, त्यात ऑफसेटचा नंबर टाकायचा. त्यांनी सहा नंबर टाकले, पण सेव्ह करायचं बटण वेगळं होतं आणि ते चौकटीपासून फार लांब, पडद्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. ते दाबायचं राहिलं. परिणाम असा, की सॉफ्टवेअरने सहाही नावांना चोपन्नच दिलं आणि मशीनने अॅल्युमिनियमच्या एकाच तुकड्यावर सहा नावं एकावर एक कोरली. अध्यक्षांच्या पोटातून दाताचे डॉक्टर बाहेर आलेले, शिकवणीच्या बाईंच्या डोक्यावर आप्पा. मशीनवाल्यांनी तो तुकडा ताबडतोब भंगारात, तोही पालथा टाकला. मग बटण दाबलं, एक तुकडा लावला, आणि आप्पांचं नाव असं सुरेख आलं, की त्यांना भरून आलं. दोन्ही कडांना सहा-सहा मिलिमीटर. त्यांनी तीनदा मोजलं.

त्या मोठ्या मशीनवर रोज काम करणारा ऑपरेटर होता, त्याला सगळे शॉर्टकट म्हणत. माणूस हुशार, हात चलाख, पण कुठलंही काम दोनदा करायचा त्याला भयंकर कंटाळा. तो म्हणाला, "मास्तर, बिनधास्त वापरा मशीन. फक्त माझे चोपन्न नि पंचावन्नचे आकडे लिहून ठेवा नि नंतर परत भरा." मशीनवाल्यांनी ते दोन आकडे वहीत लिहिले, खाली रेघ मारली. शिस्तीचा माणूस.

गुरुवारी बाराच्या भोंग्याला सगळे जेवायला गेले, आणि मशीनवाल्यांनी सहा पाट्या सहा वाइसच्या लोखंडी जबड्यांत आवळल्या. एकेका पाटीचा कोपरा शोधला, पडद्यावरचा आकडा वहीत लिहिला, वहीतला पडद्यावर भरला. मशीनमध्ये 'आपोआप मोज' असं बटण होतं, पण आपोआप होणाऱ्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. मुलगा शेवटी आप्पांचाच. आधी हवेतल्या हवेत एक फेरी मारून बघितली. हवेत सगळं छान दिसतं. मग दार बंद केलं, बटण दाबलं. आत हत्यार थंड ठेवणारं, दुधासारखं पांढरं पाणी उडायला लागलं, काचेतून काही दिसेना. मशीनवाले आपला डबा मांडीवर घेऊन बसले होते, पण झाकण उघडलंच नव्हतं. नुसता आवाज ऐकत होते. आवाज फार चांगला येत होता.

दार उघडलं, पाट्या पुसल्या. सहाही पाट्यांवर नावं उजवीकडे सरकलेली! डावीकडे भरपूर मोकळं मैदान, आणि उजवीकडे शेवटचं अक्षर अर्धं पाटीवर, अर्धं हवेत. अध्यक्षांचं आडनाव संपायच्या आतच पितळ संपलेलं. त्यांनी पट्टी लावली. चौदा मिलिमीटर. दुसरीला लावली. चौदा. सहाहींना चौदा. एक पाटी चुकली असती तर माणसाने समजून घेतलं असतं, पण इतक्या एकदिलाने चुकायचं?

अपमान तिथेच संपला असता तरी चाललं असतं, पण अजून गेट बाकी होतं. पाट्या आत आणताना वॉचमनने त्यांचं वजन करून वहीत लिहिलं होतं. बाहेर नेताना पुन्हा वजन केलं तर कमी भरलं.

"कमी कसं काय?" वॉचमन म्हणाला.

"अहो, अक्षरं कोरली ना. तेवढं पितळ निघालं."

"निघालं ते कुठंय?"

"मशीनमध्ये, बुरा झाला त्याचा."

"मग तो आणा. जेवढं आत आलं तेवढं बाहेर गेलं पाहिजे. रजिस्टर आहे."

बावीस वर्षं नोकरी केलेला माणूस पिशवी घेऊन परत गेला आणि मशीनच्या ट्रेमधून पितळेचा बुरा चिमटीचिमटीने गोळा करून आला. आता वजन जास्त भरलं, कारण त्यात शॉर्टकटचं लोखंडही आलं होतं. वॉचमनने चिमूट चिमूट काढायला लावली. काटा जुळला तेव्हा बाहेर पडायची गर्दी मागे रांग लावून उभी होती, आणि रजिस्टरच्या 'तपशील' या रकान्यात मशीनवाल्यांना स्वतःच्या हाताने लिहावं लागलं, 'पाट्या सहा व अक्षरांचा बुरा'. सगळ्या रांगेने ते वाचलं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी राग कुणावर तरी काढायचा म्हणून शॉर्टकटवर काढला. "अरे, टेबलावर किती पसारा! ट्रेमध्ये लोखंड, पडद्यावर कुणाचे कुणाचे जुने आकडे! आपलं काम झालं की आपलं आपण पुसून ठेवावं, एवढी साधी शिस्त नाही?" शॉर्टकट मान खाली घालून "हो मास्तर" म्हणाला. मशीनवाल्यांना जरा बरं वाटलं. या बऱ्या वाटण्याची किंमत पुढे कळेल.

संध्याकाळी घरी त्यांनी पाट्या टेबलावर मांडल्या. बायको म्हणाली, "अहो, एवढं काय? दुसरी बाजू कोरीच आहे की!" ही बाई बावीस वर्षांत कारखान्यात पाऊल न टाकता असं काहीतरी बोलून जाते, की त्यांना आपण रोज तिथे कशाला जातो असा प्रश्न पडतो. खरंच, दुसरी बाजू कोरी होती! लख्ख, गुळगुळीत. पाट्या दाखवायच्या होत्या त्या रविवारच्या मीटिंगला अजून एक दिवस होता.

आप्पा आरामखुर्चीतून उठले, टेबलाशी आले, एक पाटी उचलून डोळ्यांजवळ धरली.

"सगळ्या सारख्याच सरकल्यात?" आप्पांनी विचारलं.

"हो. चौदा."

"कुठल्या दगडापासून मोजलंस?"

"आप्पा, जमिनीचं काम नाही हो हे. मशीन आहे ते."

"मोजलंस ना? मग कुठूनतरी मोजलं असशील. तो दगड जागेवर होता का बघ आधी."

"बघतो," मशीनवाले म्हणाले, ज्याचा अर्थ सगळ्या घरांत 'नाही बघत' असाच असतो. ऐंशी वर्षांच्या माणसाला ऑफसेट काय समजावणार? त्यांना उपाय सुचलाही होता, आणि उपाय सुचलेला माणूस कुणाचं ऐकत नाही. मशीन चौदा मिलिमीटर उजवीकडे जातंय ना? मग आपण प्रत्येक आकड्यातून चौदा वजा करायचे. मशीन तिकडे ओढेल, आपण इकडे ओढू, नाव बरोबर मधे येईल. आजार कसला ते न बघता औषध देण्यातला हा प्रकार होता, पण दाताचे डॉक्टर तरी दुसरं काय करतात?

शनिवारी बाराचा भोंगा झाला. पाट्या पालथ्या घातल्या, वाइस आवळले. सहा कोपरे शोधले, सहा आकडे लिहिले, सहातून चौदा वजा केले, वजाबाकी दोनदा तपासली. आकड्यात चूक नव्हती. दार बंद. पांढरं पाणी. चोवीस मिनिटं. त्या चोवीस मिनिटांत मशीनवाल्यांनी आप्पा काय म्हणतील, ते चष्मा कसा सावरतील, आपण त्यावर "छे, त्यात काय" असं कसं म्हणायचं, हे सगळं ठरवून टाकलं.

दार उघडलं.

नावं डावीकडे सरकली होती. चौदा मिलिमीटर. आता उजवीकडे मैदान, आणि पहिलं अक्षर अर्धं हवेत.

ते स्टुलावर बसले. ओरडले नाहीत, आदळआपट केली नाही. काही माणसांना दुःख झालं की ती अगदी व्यवस्थित वागतात. त्यांनी शॉर्टकटचे आकडे परत भरले, टेबल पुसलं, बुरा न सांगता पिशवीत गोळा केला, तोही निव्वळ पितळेचा, आणि गेटवर पाट्यांबरोबर काट्यावर ठेवला. वजन पहिल्या फटक्यात जुळलं. "शिकलात की!" वॉचमन म्हणाला. आठवडाभरात त्यांचं एवढं एकच कौतुक झालं.

घरी आल्यावर त्यांनी पाट्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बायकोने पाट्या बाहेर काढल्या, एकेक बाजू बघितली, आणि तिसरी बाजू नसते हे तिच्याही लक्षात आलं. "चहा टाकते," ती म्हणाली. तिच्याकडूनही आता उपाय संपले होते.

"उद्या मीटिंगमध्ये काय तोंड दाखवू?" मशीनवाले खिडकीला म्हणाले. "बावीस वर्षं झाली गं. सहा साध्या पाट्या. मला काही येत नाही, हेच खरं. आप्पा सांगतात तेच बरोबर, कारखान्यात असतो, बस. नुसता असतो."

खुर्ची करकरली. आप्पांनी स्वतःची जुनी पितळी पट्टी आणली, चष्मा लावला, आणि पाटी मोजायला घेतली. पुढून मोजली, पालथी करून मोजली. दुसरी घेतली. सहाही पाट्या बारा बाजूंनी मोजल्या. घाई नाही, गडबड नाही. चहा गार झाला. मशीनवाले पाठमोरे उभे होते, त्यांना फक्त पट्टी पितळेवर टेकल्याचा आवाज ऐकू येत होता.

"परवा चौदा उजवीकडे," आप्पा म्हणाले. "आज तू काय केलंस?"

"प्रत्येकातून चौदा वजा केले."

"आणि आज बरोबर चौदा डावीकडे. केसभर इकडे नाही, तिकडे नाही." आप्पांनी पट्टी खाली ठेवली. "म्हणजे तू वजा केले नसतेस तर आज नाव मधोमध आलं असतं. तू दोन्ही वेळा बरोबर मोजलंस. मधल्या दिवसात दगड हलवला कुणीतरी."

मशीनवाले वळले. आधी त्यांना त्या वाक्यातलं गणितच ऐकू आलं. माथ्यावरची ओळ! त्यांनी थेट शॉर्टकटला फोन लावला.

"अरे, ऑफसेटच्या पानावर सगळ्यात वरची ओळ असते, तिच्यात तू काही भरलं होतंस का?"

"हो मास्तर, बुधवारी. जॉब पकडायचं माझं फिक्स्चर चौदाने सरकलं होतं. दोन-दोन ओळी कोण बदलत बसणार? वरच्या ओळीत चौदा टाकले की खालचे सगळेच सरकतात. एका झटक्यात काम."

"मग?"

"मग काय, शुक्रवारी ते काम संपलं. आणि तुम्ही सकाळीच बोललात ना, आपलं झालं की आपलं पुसावं. मी म्हटलं मास्तर एवढं सांगतायत, तर पुसून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा काही पुसलं मी. का हो, काही झालं का?"

"नाही, नाही," मशीनवाले म्हणाले. "चांगलं केलंस." त्यांनी फोन ठेवला. गुरुवारी चौदा होते तेव्हा त्यांना माहीत नव्हते, आणि माहीत झाले तेव्हा त्यांच्याच शिकवणीने ते गेले होते. रागवायला कुणी उरलंच नव्हतं.

मग कुठे त्यांना आप्पांच्या वाक्यातला दुसरा भाग ऐकू आला. दोन्ही वेळा बरोबर मोजलंस. ते आप्पांकडे बघायला लागले. आप्पा पेपर वाचत होते.

"पण दगड तपासला नाहीस," आप्पा पेपराआडून म्हणाले. "मी विचारलं होतं."

रविवारी सकाळी मशीनवाल्यांना उशिरा जाग आली. मीटिंग दहाला, आणि ती पाळीपाळीने होत असल्यामुळे यावेळी नेमकी त्यांच्याच घरी. टेबलावर पाहिलं तर पाच पाट्या. दारातून खुडबूड ऐकू येत होती. आप्पा जिन्यात स्टूल टाकून उभे होते, हातात स्क्रू-ड्रायव्हर.

"आप्पा! पडाल! आणि ही पाटी काय लावताय, चुकलेली आहे ती!"

"पाटी चुकली असेल. नाव कशाला चुकवायचं?" आप्पा म्हणाले आणि खाली उतरले.

मशीनवाल्यांनी बघितलं. शेवटचं अक्षर अर्धं असलेली बाजू वर होती. आप्पांनी पाटी दाराच्या मधोमध लावलीच नव्हती. ती चौदा मिलिमीटर डावीकडे सरकवून लावली होती, म्हणजे पाटी एका बाजूला पण नाव दाराच्या बरोबर मध्यावर. त्यांनी नकळत खिशातली पट्टी काढून मोजलं. केसभर इकडे नाही, तिकडे नाही. आणि पितळ जिथे संपत होतं तिथून पुढे, दाराच्या लाकडावर, आप्पांनी उरलेलं अर्धं अक्षर पेन्सिलीने पुरं केलं होतं. नकाशावर काढतात तसं. पितळेतली रेघ कुठे संपते आणि पेन्सिलीची कुठे सुरू होते, हे बोट लावल्याशिवाय कळत नव्हतं.

तेवढ्यात जिन्यातून पावलं वाजली आणि अख्खी कमिटी वर आली.

"वा!" अध्यक्ष थबकले. "काय अक्षर आहे हो! हे पेन्सिलीचं कुणाचं?"

"आप्पांचं," मशीनवाल्यांची बायको म्हणाली.

"आप्पा, कमाल आहे तुमची," शिकवणीच्या बाई पाटीला नाक लावून म्हणाल्या. "या वयात एवढा स्थिर हात! माझ्या मुलांना आणून दाखवते." पितळेकडे कुणी ढुंकून बघेना. सहा शून्यं, चोवीस मिनिटं, दोन भोंगे, एक पिशवी बुरा, आणि सगळी कमिटी अर्ध्या अक्षराभोवती उभी. अध्यक्षांनी जिन्यातच वही उघडली आणि ठराव केला. सहाही दारांवर पाट्या अशाच लावाव्यात व उर्वरित अक्षरं आप्पांनी पुरी करावीत. सूचक अध्यक्ष, अनुमोदक सगळे. मशीनवाल्यांकडे स्क्रू पिळायचं काम आलं.

"पण काय हो," दाताचे डॉक्टर पाटी ठोकून बघत म्हणाले, "तुमच्या त्या एवढ्या मशीनने शेवटचं अक्षर सोडलंच का? मोजायला चुकलात वाटतं?"

मशीनवाल्यांनी तोंड उघडलं. चोपन्नपासून सुरुवात करावी की माथ्यावरच्या ओळीपासून, हे त्यांना ठरवता येईना. सहा ओळी, सातवी ओळ, बुधवार, शुक्रवार, शॉर्टकट, त्याला दिलेला शिस्तीचा डोस. हे सगळं जिन्यात उभं राहून कुणाला सांगायचं? त्यांनी तोंड मिटलं.

"तो नाही चुकला," आप्पा म्हणाले. सगळ्यांकडे एकेकदा बघून म्हणाले, पंख्याकडे नाही. "त्याची मोजणी बरोबर आहे. मी तपासलीय, बारा वेळा. दगड हलला होता."

"कुठला दगड?" अध्यक्षांनी विचारलं. कुणाला काही कळलं नाही. दाताच्या डॉक्टरांनी उगाचच खाली फरशीकडे बघितलं.

मशीनवाले घाईघाईने आत गेले. स्वयंपाकघरात बायको कप मांडत होती. "काय झालं? डोळे का लाल झालेत?" तिने विचारलं.

"काही नाही. आप्पांना पेन्सिल हवीय, पाच दारं राहिलीत," ते म्हणाले, आणि टोकयंत्र घेऊन ओट्याशी उभे राहिले. टोक दोनदा मोडलं. तिसऱ्यांदा नीट आलं.